पाणी, तेल आणि गंगव्वाचे तळवे

गेल्या महिन्यात माझी भाची पुण्याहून आली, तेव्हा तिच्या बॅगेतून एक चिमुकली काचेची बाटली निघाली. वर रबरी टोपणाचा ड्रॉपर. ती तोंड धुऊन आली, चेहरा न पुसताच चार थेंब तळहातावर घेतले आणि गालांना चोपडले.

"मावशी, ओल्या त्वचेवरच लावायचं असतं. म्हणजे आतलं पाणी आत राहतं," तिनं मला समजावलं.

मी चष्मा लावून बाटलीवरचं बारीक इंग्रजी वाचलं आणि चाटच पडले. करडईचं तेल! शेंगदाण्याच्या चटणीवर आम्ही सोलापूरकर कच्चं ओतून घेतो ते घाण्याचं तेल, असं नटूनथटून पुण्याहून परत आलं होतं. मी हसायला लागले, तर भाचीला वाटलं मावशी जुन्या वळणाची आहे. तिला काय सांगणार? तिनं जे वाक्य मला शिकवलं, तेच मी तीस वर्षं अक्कलकोट तालुक्यातल्या गावोगावी सांगत फिरले होते. फरक एवढाच, की तिचं तेल गालांसाठी होतं आणि माझं पायांसाठी.

मी सरकारी नोकरीत कुष्ठरोग तंत्रज्ञ होते. डॉक्टर नव्हे, नर्सही नव्हे. संशयित चट्टे तपासायचे, रुग्णाला गोळ्या पोचवायच्या, आणि गोळ्या संपल्यावर हातापायांची काळजी कशी घ्यायची ते शिकवायचं, हे माझं काम. हा रोग गोळ्यांनी बरा होतो. वर्षभर नेमानं घेतल्या की जंतू संपतात, आणि गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागणही होत नाही. पण उशीर झाला असेल, तर तोवर मेलेल्या नसा परत जिवंत होत नाहीत. नस गेली की त्या जागेची जाणीव जाते, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्याबरोबर घामही जातो, हे ठाऊक नसतं. घाम नाही म्हणून ओलावा नाही, आणि ओलावा नाही म्हणून सोलापूरच्या उन्हाळ्यात तळव्याला आटलेल्या तळ्यातल्या गाळासारख्या भेगा पडतात. भेगेत माती जाते, दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो, आणि जखम हाडापर्यंत पोचते.

त्यावरचा उपाय इतका साधा आहे की लोकांना त्याचा राग येतो. पाय वीस मिनिटं पाण्यात बुडवून ठेवायचे. मऊ झालेला घट्टा वजरीनं हलका घासायचा. आणि पाय निथळले की ओले असतानाच तेल लावायचं. तेल स्वतः ओलावा देत नाही, ते पाण्याला कोंडून ठेवतं. रोज, न चुकता, जन्मभर. घरात जे असेल ते तेल चालतं. आमच्याकडे करडईचं असायचं, म्हणून मी तेच सांगायचे. "खायचं त्याल पायाला व्हय?" असं पहिल्यांदा प्रत्येक बाई म्हणायची. कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या गावांत माझं नावच 'एण्णी बाई' पडलं होतं. एण्णी म्हणजे कानडीत तेल. हे नाव मला आवडायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

दुखणं नसणं ही किती भयंकर गोष्ट आहे, हे मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं. कासीमचाचा नावाचे एक ट्रक ड्रायव्हर शहरातल्या आमच्या केंद्रावर आले. बसस्टँडपासून चालत आले होते. "चप्पल नयी है मॅडम, जरा तंग होती," म्हणाले. मी त्यांना बाकावर बसवून चप्पल काढायला गेले, तर ती निघेना. ओढली, तरी पाय बरोबर येतो. खाली वाकून पाहिलं, तर चपलेच्या तळातून एक खिळा सरळ टाचेत गेला होता. चप्पल पायाला ठोकलेली होती. मी चप्पल सोडून मागे सरकले. कासीमचाचा माझ्याकडे बघून म्हणाले, "क्या हुआ मॅडम? पानी लाऊ क्या?"

त्या दिवसापासून मी कधीच कुणाच्या 'दुखत नाही' या शब्दांवर विसंबले नाही, असं मला लिहायला आवडलं असतं. पण ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसले आहे, ती नेमकी याच्या उलट आहे.

गंगव्वा दुधनीजवळच्या एका लहान गावात राहायची. दहा-बारा शेळ्या, थोडी कोरडवाहू जमीन, नवरा नाही, एकच मुलगा सिद्धाराम. ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या गोळ्या कधीच संपल्या होत्या, पण दोन्ही पाय घोट्याखाली बधिर होते आणि टाचांच्या भेगांत माझं बोट मावेल अशी स्थिती होती. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, मी दिवसभर शेरडामागं फिरतीया. पाय भिजवत बसायला मी काय म्हैस हाय?"

तीन महिने ती माझ्याशी भांडली. चौथ्या महिन्यात मी गेले, तर अंगणात घमेल्यात पाय सोडून बसली होती. वर्षभरात तिचे तळवे असे झाले की मी शिबिरात इतरांना दाखवायला तिला बरोबर नेऊ लागले. ती पाय पुढे करायची आणि ऐटीत सांगायची, "बगा की! लेकराच्या गालावानी झाल्यात." माझ्या कामाचं एवढं मोठं प्रशस्तिपत्र मला कुठल्या साहेबानं दिलं नाही.

पुढे सिद्धारामचं लग्न झालं. सून महादेवी हद्दीपलीकडची, कानडी बोलणारी. सासूच्या आजाराबद्दल तिला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. कळलं तेव्हा ती आठ दिवस रडली, असं गंगव्वानंच मला सांगितलं. पण मग हीच पोरगी शिबिरात माझ्यासमोर बसून सगळं शिकली. सासूला ती अत्ती म्हणायची. रोज सकाळी अत्तीचे पाय भिजवायचे, घासायचे, तेल लावायचं, हे तिनं आपणहून अंगावर घेतलं. मला वाटलं, या घराची काळजी आता मिटली.

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. थंडीचे दिवस होते. गंगव्वाच्या गावच्या समाजमंदिरात शिबिर होतं. मी प्रात्यक्षिक दाखवत होते आणि घमेल्यातलं पाणी असं गार होतं की माझीच बोटं आखडली. मी हात झटकत सहज म्हटलं, "थंडीत पाणी जरा कोमट घेतलं तरी चालेल."

इतक्या वर्षांत हे मी कधी म्हटलं नव्हतं. आम्हाला शिकवलेला पहिला नियम होता, पाणी साधं, माठातलं. कारण ज्याला जाणीवच नाही, त्याला कोमट आणि कढत यातला फरक कळणार कसा? हे मला पाठ होतं. तरी मी बोलून गेले, कारण माझे हात गारठले होते.

दहा-बारा दिवसांनी तालुक्याच्या दवाखान्यातून निरोप आला. मी गेले. गंगव्वा खाटेवर बसली होती. मला बघून तिनं हात हलवला, "या बाई, च्या पिला का?" असं विचारलं. मग मी तिच्या पायांवरचं फडकं उचललं.

दोन्ही पाय घोट्यापर्यंत सोललेले होते. पायमोजा उतरवावा तसं कातडं निघून आलं होतं, आणि खालचं लाल मांस तेलानं चकाकत होतं. हे सगळं तिच्याच अंगावर होतं, आणि ती मला चहाचं विचारत होती. 

"काय झालं?" मी विचारलं.

उत्तर सिद्धारामनं दिलं. "बायकूनं माज्या आईच्या पायावर उकळतं त्याल वतलं. तिला आमच्या घरात ह्यो रोग नको हुता. सोडून आलोय तिला तिच्या बापाकडं."

"तू बघितलंस?"

"बघायचं काय ऱ्हायलंय बाई? पाय बघा की. त्यालच हाय समदं."

सगळ्या गावानंही तेच पाहिलं होतं, तेलानं माखलेले भाजके पाय. पण माझ्या नजरेला घोट्याभोवतीची रेघ दिसत होती. दोन्ही पायांवर एकाच उंचीवर, सरळ, आखल्यासारखी. ओतलेलं तेल असं भाजत नाही, त्याचे ओघळ येतात. अशी रेघ बुडवून ठेवलेल्या पायावर येते. पाय कढत पाण्यात वीस मिनिटं बुडाले होते, आणि मग माझ्याच शिकवणीप्रमाणे त्यांना तेल लावलं गेलं होतं.

एवढ्यात आमचे डॉक्टर आले. तरुण होते, नवीनच बदलून आलेले. केसपेपरवर लिहिता लिहिता त्यांनी मला विचारलं, "मॅडम, तुम्ही शिबिरात पाणी कसं सांगितलं होतं?"

"साधं," मी म्हटलं. "माठातलं."

हे शब्द माझ्या तोंडून इतक्या सहज गेले की मलाच धक्का बसला. मी खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. इतक्या वर्षांची सवय होती, तेच उत्तर आलं, असं मी स्वतःला त्या दिवशी समजावलं. पण दुसऱ्या दिवशी मी ते दुरुस्त केलं नाही, आणि तिसऱ्या दिवशीही नाही.

मी रोज ड्रेसिंगला जायचे. डॉक्टरांनी रेघ पाहून 'गरम पाण्याने भाजणे' असं लिहिलं होतं, पण गावात त्याचं काही नव्हतं. तिथे एकच चर्चा होती, एण्णी बाईच्या तेलानं गंगव्वाचे पाय जळाले. लोकांनी तेल लावणं सोडलं. शेजारच्या दोन गावांतल्या माझ्या रुग्णांनी घमेली उचलून ठेवली. आणि महादेवी माहेरी बसून होती. विशी न ओलांडलेली पोरगी, सासूला जाळणारी म्हणून. मी गप्पच होते. नोकरीची दोनच वर्षं उरली होती, चौकशी लागली असती, शिबिरं बंद पडली असती. मी स्वतःला दिलेली कारणं अशी होती, आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं.

नवव्या दिवशी मी पट्टी बांधत होते. सिद्धाराम बाहेर गेला होता. गंगव्वा खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, तुमी कोमट म्हनला हुता."

माझे हात थांबले. "तुम्हाला आठवतंय?"

"मी फुडंच बसले हुते की."

"मग डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बोलला का नाहीत?"

ती माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "तुमी बोलशीला म्हनून वाट बगत हुते."

एवढंच. आवाज चढवला नाही, की डोळ्यांत पाणी आणलं नाही. मी आयुष्यात बोलणी खाल्ली आहेत, साहेबांची, पुढाऱ्यांची, रुग्णांच्या नातेवाइकांची. कशानंही मी अशी जागच्या जागी थिजले नव्हते. नऊ दिवस ही बाई माझ्यासमोर पाय पुढे करून बसत होती आणि रोज मला संधी देत होती.

"आणि महादेवी?" मी कसंबसं विचारलं.

"मी त्याला सांगितलं, तिचा गुना न्हाय म्हनून. ऐकतोय कुटं? आईच्या मायेनं बोलतीया म्हनतोय."

पट्टी पुरी केली आणि मी तशीच डॉक्टरांच्या खोलीत गेले. त्यांनी सगळं ऐकलं. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी केसपेपर ओढला आणि विचारलं, "पण मॅडम, पाय बुडवायच्या आधी पाण्यात कुणी हात घालून पाहिला नाही?"

ते महादेवीलाच विचारायला हवं होतं. मी बाहेर येऊन सिद्धारामला गाठलं आणि सांगितलं.  तो म्हणाला, "मंजी मी बायकूला मारलं, त्ये..." आणि थांबला. त्यानं तिला मारलं होतं, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं तिच्या माहेरी गेलो. तिचा बाप दारातच उभा राहिला. मी त्याला हात जोडले आणि म्हणाले, "चूक माझी आहे. मुलीला बोलवा." महादेवी आली. खालच्या ओठावर अजून खपली होती. ती नवऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघत उभी राहिली.

"त्या सकाळी काय झालं, मला सगळं सांग," मी म्हटलं.

"पानी तापवलं, बाई. घमेल्यात थंड पानी घातलं. मला गरम वाटलं. मी अत्तीला म्हनलं, बगा. अत्तीनी हात घातला. म्हनल्या, थंडच हाय, अजून घाल."

"अत्तीनी हात घातला?"

"व्हय. मी घातलं अजून. परत बगा म्हनलं. परत हात घातला, म्हनल्या, आता बरं हाय." तिनं आपले दोन्ही हात पुढे केले. "मग त्याल लावाया घेतलं, तर कातडं माज्या हातात आलं. दोनी हातात. अत्ती म्हनत्यात, काय झालं ग? का वरडायलीस?"

  माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. गंगव्वाचे हात चांगले होते. माझ्या कागदावर तसं लिहिलेलं होतं. पण मी ते शेवटचे तपासले कधी? पायांच्या कौतुकात वर्ष-दीड वर्ष मी तिच्या हातांकडे पाहिलंच नव्हतं. गोळ्या संपल्यानंतरही नस आतल्या आत सुजू शकते, गुपचूप, न दुखता. म्हणून दर काही महिन्यांनी हात तपासायचेच असतात. ते मीच इतरांना शिकवत असे.

माझी माफी महादेवीच्या बापाला पुरेशी वाटली नाही. "हे तुमी त्यांच्या गावात सांगा. समद्यांसमोर. मग पोरगी पाठवतो," तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं.

दवाखान्यात परतल्यावर मी गंगव्वाला डोळे मिटायला सांगितले आणि बॉलपेनचं टोक तिच्या उजव्या तळहाताला लावलं. जिथे स्पर्श होईल तिथे दुसऱ्या हाताच्या बोटानं दाखवायचं, अशी ती तपासणी असते. करंगळी. काही नाही. तिच्या शेजारचं बोट. काही नाही. तळहाताची कड, मग अंगठ्यापर्यंतची बाकीची बोटं. ती डोळे मिटून, दुसरं बोट उगारून, शहाण्या मुलीसारखी वाट बघत बसली होती.

"लावा की बाई," ती म्हणाली.

"लावलं," मी म्हणाले.

तिनं डोळे उघडले. पेन अजून तळहातावर टेकलेलं होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. पाय सोलले तेव्हा न रडलेली बाई तेव्हा रडली. "ह्यो बी गेला व्हय? आता भाकरी कशी थापू?"

सुदैवानं नस नुकतीच बिघडली होती. डॉक्टरांनी सूज उतरवणाऱ्या गोळ्या सुरू केल्या आणि सहा-सात महिन्यांत हाताची निम्मीअधिक जाणीव परत आली. पाय बरे व्हायला चार महिने लागले. डाव्या पायाची करंगळी काढावी लागली.

समाजमंदिरात मी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि सांगितलं. पाणी मीच कोमट म्हणाले, तेलाचा दोष नाही, महादेवीचा नाही, आणि गंगव्वाचा हात तपासायचा माझ्याकडून राहून गेला.  मग मागून एका म्हातारीनं विचारलं, "मग इतकं दिस गप का बसलीस?"  कार्यालयात मला लेखी समज मिळाली. त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं, की शेजारच्या गावातल्या एका आजोबांनी तेल सोडलं ते सोडलंच, आणि त्यांच्या टाचेची भेग पुन्हा कधी मिटली नाही.

महादेवी सासरी आली. शेळ्या, चूल, शेत, सगळं पूर्वीसारखं बघू लागली. फक्त अत्तीच्या पायांना हात लावेना. मी एकदा तिला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, "बाई, त्येवडं सोडून काय बी सांगा. हात लावला की कातडं निगल आसं वाटतंय." मी पुन्हा कधी तिला गळ घातली नाही.

गंगव्वाच्या हातात अजून जोर नव्हता. मी सिद्धारामला बोलावलं.

"मी?" तो म्हणाला.

"तूच."

त्यानं माठातलं पाणी आणलं. आई घमेल्यात पाय सोडून बसली, आणि तो समोर उकिडवा बसून वीस मिनिटं घड्याळाकडे बघत राहिला. मग मी त्याला पाय उचलून मांडीवर घ्यायला सांगितलं. त्यानं घेतला, तळवा वर केला, आणि तसाच थबकला. नवं गुलाबी कातडं होतं, त्याच्या कडेला जुन्या जखमांचे खोल खड्डे होते, दोन बोटं झिजून निम्मी झालेली. सणासुदीला या पायांवर त्यानं डोकं ठेवलं असेल, पण खालची बाजू कधी पाहिली नव्हती.

"आई, ह्ये आसं कवापासनं हाय?"

"तू साळंत जायाच्या आदीपासनं," गंगव्वा म्हणाली.

त्यानं तेलाची वाटी जवळ ओढली. महादेवी दारातून बघत होती. मग त्यानं वर न बघताच मला विचारलं, "बाई, त्याल किती घिऊ?"